दुखऱ्या मांड्या आणि ठणकणारे डोके: उंचावरच्या मॅरेथॉनचे विज्ञान

दरवर्षी सप्टेंबर महिन्यात लेह शहर धावपटूंनी गजबजून जाते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या लडाख मॅरेथॉनसाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात. त्यांत मुंबई-पुण्याचे धावपटूही असतात. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे; म्हणजे ही शर्यत जिथून सुरू होते, ती जागाच कळसूबाईच्या माथ्याहून दुपटीने उंच आहे. शर्यत संपली की अनुभवकथनांना भरती येते. डोके ठणकत होते, पोटात ढवळत होते, पाय उचलत नव्हते, तरी माघार घेतली नाही, अशा आशयाच्या कथनांवर अभिनंदनाचा वर्षाव होतो.

हे कौतुक समजण्यासारखे आहे. ४२ किलोमीटर धावणाऱ्याला दुखणे सोसावेच लागते आणि ते सोसण्याची सवय हाच त्याच्या तयारीचा मोठा भाग असतो. परंतु या कौतुकात एक घातक गफलत दडलेली आहे. तिथे पायांचे दुखणे आणि डोक्याचे दुखणे एकाच तागडीत तोलले जाते. मैदानी प्रदेशात या गफलतीची किंमत फारशी मोजावी लागत नाही. लडाखमध्ये ती प्राणांनी मोजावी लागू शकते.

उंचावरच्या हवेत प्राणवायूचे प्रमाण घटते, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ते तिथेही सुमारे २१ टक्केच असते. घटतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो आणि खार्दुंग ला खिंडीत, सुमारे ५३५० मीटरवर, जवळपास निम्म्यावर येतो. दाब घटला की फुप्फुसांतून रक्तात प्राणवायू ढकलणारा जोरही घटतो. साधारण १५०० मीटरच्या वर दर १०० मीटरला शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता अंदाजे एक टक्क्याने उतरते. या हिशेबाने लेहमध्ये पाऊल ठेवताच निष्णात धावपटूही आपली सुमारे एक पंचमांश ताकद गमावून बसतो.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकने हे साऱ्या जगाला दाखवून दिले. ते शहर अवघ्या २२४० मीटरवर आहे. तिथली मॅरेथॉन इथिओपियाच्या उंच पठारावरून आलेल्या मामो वोल्डे यांनी जिंकली. तरीही त्यांना लागलेला वेळ चार वर्षांपूर्वीच्या टोकियोतील विजेत्या वेळेपेक्षा आठ मिनिटांनी अधिक होता. दहा हजार मीटरच्या शर्यतीत त्या काळचे विश्वविक्रमवीर रॉन क्लार्क अंतिम रेषेपाशी कोसळले. लेह त्या मेक्सिको शहराहूनही सव्वा किलोमीटर उंच आहे.

शरीर या विरळ हवेशी जुळवून घेते. मात्र ते आपल्या गतीने. श्वास पहिल्या काही तासांतच जलद व खोल होतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून रक्त अल्कधर्मी होऊ लागते. हा तोल मूत्रपिंडांना सावरावा लागतो आणि त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढविण्याचा संदेश लगेच सुटतो, पण त्या पेशी पुरेशा संख्येने तयार व्हायला आठवडे जातात. दिल्लीहून लेहचे विमान मात्र सुमारे सव्वा तासात पोहोचते. या मॅरेथॉनचा खरा पेच याच दोन वेळापत्रकांत आहे.

खार्दुंग ला चॅलेंज ही ७२ किलोमीटरची शर्यत हा पेच नेमका समोर मांडते. ती सुमारे ४००० मीटरवरील खार्दुंग गावातून अंधारात सुरू होते, खिंडीपर्यंत चढते आणि मग लेहकडे उतरते. उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरणेही जिवावर येते. हे दुखणे कितीही असह्य वाटले तरी बहुधा विश्रांतीने बरे होते. ते सोसण्यात धावपटूचे कसब आहे आणि त्याचे कौतुकही रास्त आहे.

चढावर होणारा त्रास मात्र निराळ्या जातीचा असू शकतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि विलक्षण थकवा ही विरळ हवेच्या आजाराची पहिली लक्षणे आहेत. दुर्दैवाने लांब धावल्यानंतर होणारा त्रासही हुबेहूब असाच असतो. म्हणूनच पर्वतवैद्यकाचा नियम कठोर आहे. उंचावर जे काही बिघडेल, ते दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत उंचीमुळेच बिघडले असे मानावे. लक्षणे असताना आणखी वर जाऊ नये. लक्षणे वाढू लागली तर खाली उतरावे. चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही मेंदूला सूज आल्याची खूण असू शकते. स्वस्थ बसूनही धाप लागणे आणि छातीत घरघर होणे म्हणजे फुप्फुसांत पाणी साचत असल्याचा इशारा असतो. ही फुप्फुससूज बहुधा नव्या उंचीवर पोहोचल्यानंतर दोन ते चार दिवसांत गाठते. थंडी आणि अतिश्रम तिला आमंत्रण देतात. उशिरा पोहोचून लगेच धावायला उभ्या राहणाऱ्याच्या वाट्याला या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

हे ज्ञान भारताने फार मोठी किंमत मोजून मिळविले आहे. १९६२ च्या युद्धकाळात सपाटीवरचे जवान घाईघाईने हिमालयात चढविले गेले आणि त्यांतील कित्येकांना शत्रूच्या गोळीआधी विरळ हवेने गाठले. सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरच्या पर्वतवैद्यकात तो आजही पायाभूत मानला जातो. सेनेची सध्याची शिस्त याच अनुभवातून घडली आहे: पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, त्यांतले पहिले दोन संपूर्ण विश्रांतीचे, त्यानंतर प्रत्येक वरच्या टप्प्यावर आणखी चार-चार दिवस. तरण्याबांड, कसलेल्या जवानालाही या नियमातून सूट नाही.

नेमकी हीच गोष्ट हौशी धावपटूच्या पचनी पडत नाही. तंदुरुस्ती उंचीच्या आजारापासून संरक्षण देत नाही. उलट तंदुरुस्त माणूस अधिक वेगाने वर जातो आणि इशाऱ्यांकडे अधिक हट्टाने डोळेझाक करतो. कोणाला हा आजार गाठेल, हे काही अंशी जनुकांवरही अवलंबून असते. दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेतील संशोधकांच्या २०१० मधील अभ्यासात ‘ईजीएलएन१’ या जनुकातील भेदांचा संबंध उंचीशी जुळवून घेण्याशी आणि फुप्फुससुजेच्या शक्यतेशी आढळला. लडाखी धावपटू जे सहज साधतात, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा आहे. मनोधैर्याच्या बळावर जनुके बदलत नाहीत.

वेदनाशामक गोळी घेऊन शर्यतीला उभे राहण्याची सवय तर इथे दुहेरी घात करते. ती डोकेदुखीचा पहिला इशारा दाबून टाकते आणि पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांवर अधिक भार घालते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही आंधळा विश्वास नको. गारठलेल्या बोटांवर तो चुकीचा आकडा दाखवू शकतो. शिवाय आकडा बरा असला म्हणून लक्षणे खोटी ठरत नाहीत.

मग उंचावर धावूच नये काय? तसा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. पुरेसे दिवस राहून, शरीराला सवय करून हजारो माणसे तिथे आनंदाने धावतात आणि आयोजकही स्पर्धकांना आधीच येऊन राहण्यास बजावतात. अडचण असते ती रजेची आणि खर्चाची. लेहमधला आठवडा-दहा दिवसांचा मुक्काम परवडत नाही, म्हणून तो चार दिवसांवर आणला जातो आणि ही काटकसर जिद्दीच्या नावाखाली खपविली जाते. ज्याच्यापाशी ते दिवस नाहीत, त्याने त्या वर्षी ती शर्यत सोडून द्यावी. सराव कितीही कसून केलेला असो, त्याने हे दिवस भरून निघत नाहीत.

समाजानेही आपल्या कौतुकाची दिशा थोडी बदलायला हवी. शर्यत पूर्ण करणाऱ्यांच्या यादीबरोबर किती जण वैद्यकीय कारणाने थांबले, ते किती दिवस आधी लेहमध्ये दाखल झाले होते, याची माहितीही, कोणाचे नाव न घेता, दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. पुढच्या धावपटूला अनुभवकथनांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. आणि खिंडीच्या अलीकडे डोके ठणकू लागल्यावर जो वळला, त्याच्या नावासमोर ‘अपूर्ण’ असा शेरा लागला तरी त्याच्या मित्रांनी त्याला हार घालावा. दुखऱ्या मांड्या घेऊन तो पुढच्या सप्टेंबरात पुन्हा येऊ शकतो.