निकालाच्या दिवशीच सर्व्हर का बसतो? ‘जादा प्रोसेसर’चं गणित

१६ जुलै २०२१. दुपारी १ वाजता दहावीचा निकाल ऑनलाइन जाहीर होणार होता. राज्यभरातल्या १५ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांसोबत राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागातले, म्हणजे कोल्हापूर, सातारा आणि सांगलीचे विद्यार्थीही मोबाइल घेऊन बसले होते. पण संकेतस्थळं कोलमडली आणि कित्येक तास अनेकांना गुण दिसलेच नाहीत.

एवढा ताण येतो कुठून?

एकच बैठक क्रमांक मुलगी, वडील, मामा सगळेच टाकून बघतात. पान उघडलं नाही की पुन्हा रिफ्रेश. प्रत्येक रिफ्रेश म्हणजे सर्व्हरसाठी नवं काम. सर्व्हरमधले सगळे प्रोसेसर गुंतले की रांग लागते. रांग फार वाढली की पान उघडतच नाही.

मग मोठाच सर्व्हर का घेत नाहीत?

कारण उरलेलं वर्षभर तो रिकामा पडून राहील. आषाढीला सातारा, सांगलीहून पंढरपूरला एसटीच्या जादा गाड्या सुटतात, पण त्या मार्गावर वर्षभर तेवढ्या गाड्या कुणी ठेवत नाही.

सर्व्हरसाठीही ‘जादा गाड्यां’ची सोय आहे. आयबीएमसारख्या कंपन्यांच्या मोठ्या सर्व्हरमध्ये काही प्रोसेसर आधीच बसवलेले, पण बंद असतात. कोड टाकला की ते सुरू होतात. तात्पुरते वापरले, तर किती प्रोसेसर किती दिवस चालले यावर बिल येतं. दुसरा मार्ग क्लाउडचा: गरजेपुरते सर्व्हर भाड्याने घ्यायचे.

तरीही कुठे अडतं?

पहिली गोष्ट वेळेची. गर्दी उसळल्यावर प्रोसेसर वाढवायला घेतले, तर उशीर झालेला असतो. निकालाची वेळ मात्र आधीच जाहीर होते, त्यामुळे तयारीला वाव असतो.

दुसरी, प्रोसेसर वाढले तरी गुणांचा डेटाबेस किंवा नेटवर्क तेवढा भार पेलणारं हवं. गाड्या वाढवल्या आणि स्टँडचं गेट एकच ठेवलं, तर कोंडी तिथेच होणार.

तिसरी, गर्दी ओसरल्यावर जादा क्षमता बंद करायला विसरलं, तर बिल चालूच राहतं.

पुढे काय?

अलीकडे निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही मिळतो. त्यामुळे गर्दी वाटली जाते. निकाल दोन तास उशिरा दिसला, तर जीव टांगणीला लागतो. पण अर्जाच्या शेवटच्या दिवशी सर्व्हर बसला, तर संधीच हुकू शकते. म्हणून ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर पुरेसं नाही. भार किती धरला होता, चाचणी कधी केली आणि जादा क्षमता किती वाजता सुरू केली, हे यंत्रणांनी सांगायला हवं.