स्वस्त म्हणजे खोटं नव्हे

दहा रुपयांची नाणी चौदा तऱ्हांची निघाली आणि ती सगळीच्या सगळी चालतात, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ साली पत्रक काढून सांगितलं. तरी नाणं पुढे केलं की एखादा दुकानदार अजूनही मान हलवतो, "हे नाही चालत भाऊ!" बँकेच्या खिडकीमागे बसून मी अशी पोत्यांनी नाणी मोजलीत. त्यामुळे वस्तू स्वस्त दिसली की ती खोटी ठरवणाऱ्यांशी माझं जुनं वैर आहे. हल्ली हीच मंडळी मला इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रांतात भेटू लागली आहेत.

त्याचं असं आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातही कॉलेजातली पोरं हौस म्हणून मायक्रोकंट्रोलरवर काहीबाही जुळवतात. कुणी कपाशीच्या वावरातला ओलावा मोजतो, कुणी टाकी भरली की भोंगा वाजवतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाच्या पेराएवढा संगणक. पण त्याच्या डोक्यात प्रोग्रॅम भरायचा, त्यानं मोजलेले आकडे पाहायचे, तर त्याला मोठ्या संगणकाशी जोडणं आलं. पूर्वी संगणकाच्या पाठीला सिरियल पोर्ट असे. तो बोलायचा उणे-अधिक बारा व्होल्टच्या चढ्या आवाजात. पाच व्होल्टच्या गरिबाला ते सोसायचं नाही. म्हणून मध्ये मॅक्स २३२ नावाची चिप मध्यस्थ बसवत. आता लॅपटॉपला ते पोर्टच नाही. उरलं यूएसबी. आणि नेमके इथेच जाणकार आडवे येतात.

"घ्यायची तर ओरिजिनल केबल घे!" ती दीड-दोन हजारांच्या घरात. सीएच ३४० चिपचा कन्व्हर्टर शंभर-दीडशेत येतो, असं पोरगं चाचरत म्हणालं, की हे नाक मुरडणार, "चायना माल!"

अहो, आहेच चायनाचा. पण तो ते लपवतो कुठे? स्वतःच्या नावानं येतो, स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो. चार तारा जोडा, काम सुरू. एक पाच व्होल्टची, एक ग्राउंडची. उरलेल्या दोन मात्र उलटसुलट : एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला. तोंडाला तोंड लावलं तर काय होतं, हे संसारी वाचकांना सांगायला नको. बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर कन्व्हर्टरही ३.३ वर ठेवायचा, एवढंच पथ्य.

खोटा माल वेगळा. ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीच्या चिपांवर तिचंच नाव छापून नकला विकल्या जात. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीनं विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर धाडला, की नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य झाला आणि संगणक तिला ओळखेनासा झाला. शिक्षा झाली कुणाला? ज्यानं बिचाऱ्यानं खरी समजून घेतली त्याला! बोंबाबोंब झाली, तेव्हा ड्रायव्हर मागे घेतला. आम्ही बँकवालेही खोटी नोट जप्त करतो, पण निदान पावती तरी देतो.

तेव्हा खोटी नोट आणि सुटं नाणं यात फरक करा, एवढंच माझं म्हणणं. खामगावची चांदी प्रसिद्ध आहे. तिथल्या सराफाला विचारा. कथील विकणं गुन्हा नाही, चांदी म्हणून विकणं गुन्हा.

आणि ज्या आर्डुइनोच्या नावानं हे 'ओरिजिनल'चे टाळ वाजतात, तो तरी कशासाठी जन्मला? २००५ साली, इटलीतल्या इव्रेआ गावी, विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून! त्याचा नकाशा सगळ्यांना खुला आहे. नाव तेवढं चोरू नका. त्या नकाशावरून दुसऱ्या नावानं केलेला, सीएच ३४० अंगावरच बसवलेला बोर्ड घेतला, तर निराळा कन्व्हर्टरही लागत नाही. फक्त मोबाइलची नुसती चार्जिंगची वायर लावू नका. तिच्यात वीज असते, वाचा नसते.

दवाखान्यातल्या यंत्राला खुशाल महागडी केबल लावा, माझी ना नाही. पण दोन हजार नाहीत म्हणून पोराचा प्रयोग ट्रंकेत पडतो, तेव्हा वाया दोन हजार जात नाहीत, पोरगं जातं. वावरातली माती ओली की कोरडी, एवढंच विचारायचंय त्याला. मातीनं अजून कुणाच्या वायरचं कुळ विचारलेलं नाही.