धडधाकट माणूस गेला कसा?

"काल सांजेपर्यंत रानात पाणी धरत होता, अन् पहाटे गेला!" अशी बातमी हल्ली गावोगाव ऐकू येते. जाणारा चाळिशी-पन्नाशीतला, दुखणं ना खुपणं. मग कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी करणीचा संशय घेतो.

खरे कारण वेगळे आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर वर्षानुवर्षे साचतो. वाहिनी बरीच अरुंद होईपर्यंत माणसाला काही जाणवत नाही. पण लहानसा थरही एकाएकी फुटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाहिनी तुंबते. म्हणून कालपर्यंत पोती उचलणारा आज कोसळतो. अंगातली ताकद ही रक्तवाहिन्यांची हमी नव्हे. त्यात भारतीयांना हा विकार पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी गाठतो.

'हा बसून खाणाऱ्या शहरी लोकांचा रोग' हा समज आता सोडावा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 वर्षांवरील 24 टक्के पुरुषांना आणि 21 टक्के महिलांना उच्च रक्तदाब आढळला. 2016-17 च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, त्यातले बहुतेक खाणारे. "आपण बिडी ओढत नाही, नुसती मळतो" म्हणून सुटका नाही. मळलेली तंबाखूही हृदयाला घातकच. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच.

दुसरा घात होतो तो उशिराने. छातीत भरून आलं की घरात सोडा, ओवा, पित्ताची गोळी सुरू होते. "जरा पडतो, बरं वाटंल" म्हणत मोलाचे तास जातात. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, दम लागणे ही लक्षणे ओळखावीत. महिलांना आणि मधुमेहींना कधी नुसती मळमळ नि थकवाच जाणवतो. अशा वेळी रुग्णाला चालवत नेऊ नये, 108 ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण 12 तासांच्या आतच उपयोगी पडते. पहिल्या एक-दोन तासांत मिळाले तर सर्वांत जास्त.

कर्ता गेला की सोसायटीचे कर्ज आणि वारसनोंदीचे हेलपाटे घरच्यांच्या मागे लागतात. हा मृत्यू नैसर्गिक धरला जात असल्याने शेतकरी अपघात योजनेतून मदत मिळत नाही. उपचारांसाठी मात्र महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ॲन्जिओप्लास्टी तीत बसते.

उपकेंद्रात तिशीवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय आहे, पण "मला काय झालंय?" म्हणत गडीमाणसं तिकडे फिरकत नाहीत. सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंनी पुढच्या ग्रामसभेच्या दिवशीच ही तपासणी ठेवावी. ईसीजीची सोय जवळ कुठे आहे आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. बैलाला पान लागलं तर आपण रात्री धावतो. घरच्या कर्त्यासाठी सकाळची वाट कशाला पाहायची?