काम नसताना मुंबई

आपल्याकडे बाई पिशवी घेऊन स्टँडवर दिसली की समोरच्याचा प्रश्न ठरलेला, "काय काम काढलं?" लग्न, बारसं, दवाखाना, लेकीचं बाळंतपण नाहीतर देवदर्शन, यातलं एक कारण सांगितलं की त्याचं समाधान होतं. पण "काही नाही, सहज चालले, मुंबई बघायला," असं सांगून बघा. समोरचा आधी तुमच्याकडे बघतो आणि मग तुमच्या मागे कोण आहे ते बघतो!

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. माहेरच्या फेऱ्या वाढल्या, शिर्डी, मोहटादेवी झाली. चांगलंच झालं. पण अर्ध्या तिकिटानं फक्त पैशाची अडचण अर्धी झाली. "कशाला?" हा प्रश्न मात्र अजून पूर्ण भाड्याचाच आहे.

आमच्या पारनेर, अकोले, संगमनेर भागातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला असतंच. त्यामुळे मुंबई आपल्याला नवीन नाही. मीसुद्धा आजवर वीसेक वेळा गेले असेन. पण पाहिलं काय? तर भावाच्या घरचा ओटा, हॉस्पिटलचा व्हरांडा आणि एकदा चौपाटीवरची भेळ. शहर दाखवणारेही आपल्याला गेट वे, राणीचा हार आणि नटांचे बंगले दाखवतात. गर्दीत ढकलाढकली करून फोटो काढायचा आणि परत.

हल्ली तरुण मुलं पाठीवर एकच सॅक अडकवून निघतात. स्वस्तात राहायचं, बसनं आणि पायी फिरायचं, गाव आतून बघायचं. त्याला 'बॅकपॅकिंग' म्हणतात. नाव नवीन आहे, पण पंढरीच्या वाटेवर डोक्यावर बोचकं आणि हातात तांब्या घेऊन चालणाऱ्या आपल्या आज्या वेगळं काय करत होत्या? फरक एवढाच, की त्यांच्याकडे विठोबाचं कारण होतं.

तशीच सॅक घेऊन मी आणि माझी एक मैत्रीण दोन दिवस मुंबईला जाऊन आलो. माळशेज घाटातून एसटीनं कल्याण, पुढे लोकलचा लेडीज डबा. पहिला मुक्काम भायखळा. तिथल्या राणीच्या बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं. भाऊ दाजी म्हणजे मुलींच्या शिक्षणाचा हिरिरीनं पुरस्कार करणारे डॉक्टर. आत जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, कारागिरांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. बाहेर आवारात दगडी हत्ती उभा आहे. याच हत्तीवरून घारापुरीला परकीयांनी 'एलिफंटा' नाव दिलं. (बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.)

तिथून लालबाग-परळ. गणपतीचे दिवस सोडले तर इकडे पर्यटक म्हणून कोण येतं? पण मुंबई उभी राहिली ती या गिरणगावात. १८ जानेवारी १९८२ ला इथे संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि कित्येकांना पुन्हा भोंगा ऐकायलाच मिळाला नाही. आता गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर, मध्येच एखादी चिमणी. हे पुस्तकात असतं. पण त्या कामगारांना रांधून कोण घालत होतं? एकेका खोलीत खानावळ चालवणाऱ्या बायका! सावकाराच्या व्याजात बुडालेल्या या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी एकत्र आणलं, १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बचत गटाच्या मीटिंगला जाणाऱ्या आपण सगळ्या त्यांच्याच वाटेवरून चालतोय. लालबागच्या मिरची गल्लीत डंकावर मसाला कुटून घेणाऱ्या बायकांशी बोलताना मला जेवढी मुंबई कळली, तेवढी वीस फेऱ्यांत कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गिरगावातली खोताची वाडी पाहिली. लाकडी जिने, सज्जे, उतरत्या छपरांची घरं, दोन माणसं जेमतेम जातील असे बोळ. मग वाळकेश्वरला बाणगंगा. श्रीमंतांच्या इमारतींच्या मधोमध दगडी पायऱ्यांचं शांत तळं. एक मात्र सांगते, वाडी आणि चाळ म्हणजे प्रदर्शन नव्हे. आपल्या अंगणात येऊन न विचारता कुणी फोटो काढले तर आपल्याला चालेल का?

आता खर्चाचं. लोकलचं कमीत कमी तिकीट ५ रुपये, बेस्टच्या साध्या बसचं मे २०२५ पासून १० रुपये. पहिल्या दिवशी घरची भाजी-चपाती, नंतर उसळ-पाव. सगळं परवडलं. नाही परवडलं ते राहणं. एका स्वस्त लॉजवाल्यानं आम्हाला विचारलं, "बरोबर जेन्ट्स नाहीत का?" नाहीत म्हटल्यावर खोली नाही. आधार कार्ड दाखवलं तरी नाही. शेवटी महागाच्या हॉटेलात गेलो. बाकी सगळ्या फिरण्याला मिळून जेवढे लागले नाहीत, तेवढे त्या एका रात्रीला गेले. रेल्वेच्या विश्रांतिगृहात जागा मिळू शकते, पण त्याला रेल्वेचं आरक्षित तिकीट लागतं. एसटीनं येणारीनं काय करायचं?

मैत्रिणींनो, माझं म्हणणं इथेच आहे. आपल्या जिल्ह्याला २०२४ मध्ये अहिल्यादेवींचं नाव मिळालं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या या लेकीनं काशीपासून किती ठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या! कुणाही वाटसरूला टेकायला जागा आणि प्यायला पाणी हवं, हे तिला कळलं होतं. मग तिच्या जिल्ह्यातून निघालेल्या बाईला मोठ्या एसटी स्टँडवर रात्रीपुरती स्वस्त, सुरक्षित खाट आणि आत पाय ठेवता येईल असं स्वच्छतागृह का मिळू नये? अर्धं तिकीट दिलं, आता उरलेलं अर्धं कामही करा. हे आपण महिला मंडळात, ग्रामसभेत, मतं मागायला येणाऱ्यांसमोर बोललंच पाहिजे.

भीतीचं काय, असं घरचे विचारतील. त्यांचं चुकत नाही. दोघी-तिघी मिळून जा, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, कुठे आहोत ते घरी कळवत राहा, अडचण आली तर ११२ नंबर आहेच. सावधपणा शिकता येतो, पण तो घरात बसून शिकता येत नाही.

आणि दोन दिवस घराचं कसं होणार? होतं हो! दवाखान्यात आपण आठ-आठ दिवस कुणाच्या उशाशी बसतो तेव्हा होतंच ना? पोळ्या थोड्या जाड होतात एवढंच. तेव्हा पुढच्या वेळी स्टँडवर कुणी विचारलं, "काय काम काढलं?" तर बिनधास्त सांगा, "काम काहीच नाही. म्हणूनच चाललेय."