ऐक्याची वाट पाहू नका, ग्रामसभेला चला

हिंगणीतील बौद्ध बांधवांनो आणि भगिनींनो,

“पुढाऱ्यांतच मेळ नाही, तेथे आम्ही काय करणार?” असे जो म्हणतो, तो प्रश्न विचारीत नसून आपल्या निष्क्रियतेवर पांघरूण घालीत असतो. हे कटू असले तरी स्पष्ट सांगणे अवश्य आहे.

फाटाफूट आजची नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरास रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि १९५९ पर्यंत त्यात ‘दुरुस्त’ व ‘नादुरुस्त’ असे तट पडले. १९९८ साली गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि महाराष्ट्रातून आपले चार पुढारी लोकसभेत गेले. १९९९ च्या निवडणुकीत मात्र ते ऐक्य उरले नव्हते. ऐक्य व्हावे, याविषयी दुमत नाही. परंतु ते होईपर्यंत हातावर हात ठेवून बसा, हे आपणांस कोणी शिकविले?

महाडचा इतिहास आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. त्या कागदांनी कोणाची तहान भागली? ओंजळ भरली ती २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या मागे माणसे आपल्या पायांनी तळ्यावर गेली तेव्हा. हायकोर्टाचा निकाल त्यानंतर दहा वर्षांनी, १९३७ साली लागला.

आजही हक्क कागदावर आहेत. गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद आहे. सभेस १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी उपस्थिती लागते. ती नसल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेस गणसंख्येची अट राहत नाही. म्हणजे आपण घरी बसलो तरी निर्णय होतातच, फक्त ते आपल्यावाचून होतात! ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाचे असतात. त्याचा हिशेब आपणांपैकी किती जणांनी मागितला?

म्हणून पक्षाची पादत्राणे विहाराच्या दाराशी काढून आत या. सभेपूर्वी एकत्र बसा, मागण्या लेखी द्या, अर्जाची पोच घ्या, ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते वाचून पाहा. भगिनींनो, ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ती आपण भरवून घ्या.

कोणी म्हणेल, गावच्या नालीने समाजाचे राजकारण सुधारते काय? होय, तेथूनच सुधारते. निरनिराळ्या गटांची माणसे एका अर्जावर सह्या करतात, तोच ऐक्याचा पहिला धडा होय. पुढाऱ्यांकडे ऐक्य मागणाऱ्याने ते आधी आपल्या वस्तीत करून दाखवावे. आशा ही कोणी द्यावयाची भीक नव्हे. ती केलेल्या कामातून मिळणारी कमाई आहे.

जय भीम!