फोटोच तर काढतो, मारत थोडंच?

‘फोटोच तर काढतो, मारत थोडंच?’ हे वाक्य हल्ली आपल्या घराघरांत ऐकू येतं. मुलगा, भाचा, जावई कुणीतरी हातभर लांब लेन्स गळ्यात अडकवून रविवारी पहाटे नदीकडे निघतो आणि आपण कौतुकानं डबा भरून देतो. व्यसन नाही, हिंसा नाही, आणखी काय हवं? मला हे ‘हिंसा नाही’ मान्य नाही.

आपल्या घटप्रभेचंच बघा. गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यामागे पाणी पसरतं, तिथं पक्ष्यांचं अभयारण्य आहे. शरद सरून थंडी पडू लागली की तिथं कांड्या करकोचे उतरतात. तीनेक फूट उंची, राखाडी अंग, काळा गळा, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा तुरा. मंगोलिया, मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून हा जीव येतो. रात्र उथळ पाण्यात उभ्यानं काढायची, सकाळी शेतात दाणे टिपायचे, की परत पाण्यावर यायचं. अतिशय बुजरा. माणसाची चाहूल लागली की साऱ्या माना एकदम वर.

पण फोटोवाल्याला उभा पक्षी नको असतो, उडणारा हवा असतो. मग गाडी काठापर्यंत न्या, टाळ्या वाजवा, खडा भिरकवा. आता तर ड्रोनही आलाय. थवा उठतो, घिरटी घालून बसतो, की पुन्हा उठवायचा. हजारो मैल उडून आलेल्या पाहुण्याला चार दाणे सुखानं टिपू देत नाहीत. आणि संध्याकाळी तोच फोटो ‘जय जिनेंद्र’ लिहून सगळ्यांना पाठवतात!

हिंसा म्हणजे फक्त जीव घेणं, हे आपल्याला कुणी शिकवलं? ईर्यापथाच्या पाठात आपण कशाकशाची क्षमा मागतो ते आठवा. मारलेल्या जीवांची तर मागतोच, पण ढकललेल्या, त्रास दिलेल्या, जागचे हलवलेल्या जीवांचीही मागतो. आपल्या आज्या पाणी गाळल्यावर गाळणीतले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत सोडायच्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाचं घर आपण मोडत नाही, आणि तीन फुटी पक्ष्याला त्याच्या पाण्यावरून हुसकावतो? 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदासुद्धा शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणं धरतो. कायद्याला जे कळलं ते आपल्याला कळू नये?

कॅमेऱ्यावर माझा राग नाही. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला हे चांगलंच झालं. आडोशाला दोन तास गप्प बसून मिळेल तो फोटो घेणारे लोकही आहेत. ती तर सामायिकच म्हणायची. राजस्थानात फलोदीजवळच्या खिचन गावी हेच करकोचे दरवर्षी हजारांनी येतात. तिथल्या जैन मंडळींनी त्यांच्यासाठी दाणे टाकायची बंदिस्त जागा केली आहे. तिथं पक्षी माणसाच्या वस्तीला येतो, पण स्वतःच्या पायांनी येतो. मधलं अंतर किती ठेवायचं ते पक्ष्यानं ठरवायचं, आपण नाही. एवढाच माझा मुद्दा आहे.

आता बायांनो, आपल्याविषयी. कॅमेरा आपल्या हातात नसतो, म्हणून आपण सुटलो असं समजू नका. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि केलेल्याला ‘छान’ म्हटलेलं, तिन्हींचं कर्म बांधतं असं आपला धर्म सांगतो. मोबाइलवर घाबरलेल्या थव्याचा फोटो येतो आणि आपण त्याखाली लाल बदाम ठेवतो, ते अनुमोदन नाही तर काय? त्या बदामासाठीच तो पुढच्या रविवारी पुन्हा खडा उचलतो.

तेव्हा फोटो आला की आधी नीट बघा. पक्षी चोच खाली घालून टिपतोय, पिसं साफ करतोय, तर तो निवांत आहे. तिथं मनापासून कौतुक करा. माना ताठ, थवा उधळलेला असेल, तर एकच विचारा, ‘बाळा, हे उडाले कसे?’ उत्तर मिळेपर्यंत बदाम ठेवू नका. आणि डबाही भरू नका.