मिस्सा आणि मिसळ
रविवारी चर्चमध्ये मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची उपासना) आटोपून मित्रांबरोबर मिसळ खायला बसलो की प्रश्न ठरलेला : ‘‘त्या पांढऱ्या भाकरीत ख्रिस्त खरंच असतो, असं तू मानतोस?’’ मानतो. ‘अरे, प्रतीक असतं ते’ म्हणून वेळ मारून नेता येते, पण कॅथलिक शिकवण तसं सांगत नाही. शिवाय पातळ केलेली श्रद्धा नास्तिकालाही पटत नाही, वर तो मनातून हसतो. सिद्ध कर म्हणाल तर आमचे हात वर. प्रयोगशाळेत भाकर भाकरच ठरेल, हे आमचं धर्मशास्त्रही मान्य करतं. (इथं एक जण हमखास तर्रीची वाटी माझ्याकडे सरकवतो.) पण श्रद्धा पातळ न करताही सगळ्यांबरोबर उभं राहता येतं. वसईकरांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो ठाऊक आहेत. हरित वसईच्या लढ्यात ते सगळ्या धर्मांच्या लोकांबरोबर उभे राहिले, बायबल सुबोध मराठीत आणलं. मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड होताच, ते धर्मगुरू म्हणून त्यांना विरोधही झाला. 2020 मध्ये उस्मानाबादच्या व्यासपीठावर ते गेले ते फादर म्हणूनच. तेव्हा कॅथलिक वाचकहो, मित्राने विचारलं तर गुळमुळीत बोलू नका. आणि तो ‘नाही पटत’ म्हणाला तर त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐका, मध्येच बायबल उघडू नका.